ड्रेडलॉक्ससाठी मेण व नैसर्गिक पदार्थ

ड्रेडलॉक्स, म्हणजे मुद्दाम पाडलेल्या जटा, सुरू करताना बटा जागेवर राहाव्यात आणि पुढे त्या नीट टिकाव्यात म्हणून मेण, कोरफडीचा गर, जवसाचं जेल, मिठाचं पाणी, तेलं असं बरंच काही लावलं जातं, त्याची ही नोंद. पाम रोलिंग (बट तळहातांत वळणं), बॅककोंबिंग (केस मुळाकडे उलटे विंचरणं), क्रोशे (आकड्याच्या सुईने सुटे केस आत ओवणं) वगैरे कसं करतात ते माहीत आहे असं धरलंय.

जटांना मेण लावायची प्रथा कुठून आली याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. ईजिप्तपासून ही प्रथा चालत आली असं म्हणणारे ब्रिटिश म्युझियममधल्या एका केसांच्या टोपाचा दाखला देतात. हा टोप मानवी केसांचा, न्यू किंगडमच्या काळातला (साधारण इ.स.पू. १५५० ते १०७०), आणि तपासणीत त्याच्यावर मधमाशीचं मेण आणि राळ साधारण दोनास एक अशा प्रमाणात मिळाली. शिवाय २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही ममींच्या केसांवर पामिटिक आणि स्टिअरिक आम्लं असलेला चरबीचा थर आढळला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण टोपावर वेण्या आणि कुरळ्या बटा आहेत, गुंतून एकजीव झालेल्या जटा नाहीत, आणि ममींवरची चरबी ही केस बसवायला लावलेली दिसते, तेव्हा यावरून केसांना मेण लावणं जुनं एवढंच ठरतं, जटांना लावणं जुनं असं नाही. नामिबियातल्या हिंबा बायका केसांना ओत्जिझे लावतात, तो लोण्याचा आणि गेरूचा लेप, त्यात मेण नसतं. जमैकात १९३० च्या दशकात रास्ताफारी हा जटा राखणारा धार्मिक पंथ उभा राहिला, पण त्यातले कट्टर लोक कंगवा आणि वस्तरा दोन्ही वर्ज्य मानतात, जटा आपोआप होऊ देतात, तिथे डबीतल्या मेणाचं काही कामच नाही. म्हणून मेण ही बहुधा अलीकडची, सलूनमधली सोय आहे, हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं.

खरा प्रश्न मेण नेमकं काय करतं हा आहे. केसाच्या बाहेरच्या थराला, म्हणजे क्युटिकलला, कौलांसारखे एकावर एक खवले असतात, केस एकमेकांवर घासले की हे खवले अडकतात, रोज गळणारे पन्नास-शंभर केस बाहेर न पडता त्या गुंत्यातच राहतात, आणि महिन्याकाठी साधारण एक सेंटीमीटरने वाढणारी बट हळूहळू आक्रसून घट्ट होते. म्हणजे जट घर्षणाने होते. मेण केस एकमेकांना चिकटवतं, त्यामुळे पहिल्या दिवशी जट तयार झाल्यासारखी दिसते, पण आत केस सुटेच असतात आणि आता ते सरकतही नाहीत! मेणाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं की सरळ, गुळगुळीत केस त्याशिवाय सुरवातीला धरतच नाहीत, आणि अगदी थोडं, तेही पहिल्या काही आठवड्यांपुरतं लावलं तर बिघडत नाही. हे अगदीच चूक नाही, पण थोडं कुणी लावत नाही ही अडचण.

त्यातून मधमाशीचं मेण वितळतं साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला, कार्नोबा (एका पाम झाडाच्या पानांवरचं मेण) तर ८२ च्या पुढे. आंघोळीचं पाणी चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे नुसत्या धुण्याने ते निघणं शक्यच नाही. काही जण मेण लावून वरून हेअर ड्रायर फिरवतात, तेव्हा ते पातळ होऊन थेट जटेच्या गाभ्यात उतरतं आणि तिथे थिजतं, मग धूळ, कापडाचे तंतू, शाम्पूचा अंश सगळं त्याला धरून बसतं, जट करडी दिसायला लागते. पेट्रोलियम जेली मिसळलेलं मेण तर आणखी चिकट.

नैसर्गिक म्हणून सांगितले जाणारे बाकीचे पदार्थ सगळे एका माळेचे नाहीत. कोरफडीचा गर आणि जवसाचं जेल पाण्यात विरघळतात, म्हणून कॉइल (स्प्रिंगसारखी वळवलेली बट) किंवा दुपेडी पीळ धरायला तेच बरे, फक्त जेल घरी केलं असेल तर फ्रिजमध्ये ठेवायचं, नाहीतर आंबतं. मिठाच्या पाण्याने केस खरखरीत होऊन लवकर गुंततात, पण रोज मारलं तर कोरडे पडून तुटतात. जोजोबा तेल म्हणतात ते रसायनाच्या भाषेत द्रवरूप मेणच आहे, तरी टाळूला हलकं पडतं. शिया बटर (शिया झाडाच्या बियांची चरबी) आणि लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ) जास्त झालं की मेणासारखंच साचतं. टी ट्री, रोझमेरी ही तेलं पातळ करूनच लावायची. खाण्याच्या सोड्याने साठलेला थर सुटतो, पण त्याचा पीएच आठच्या वर असतो आणि टाळूचा साडेपाचच्या जवळ, म्हणून मागाहून पाणी घातलेल्या व्हिनेगरने धुतात.

कुठलाही पदार्थ असो, जट आतून सुकली पाहिजे, ओली राहिली तर बुरशीचा वास येतो आणि तो जाता जात नाही. मेण काढायचंच तर आधी कोमट तेल मुरवून ते मऊ करतात, मग टाळूला सोसेल इतक्या गरम पाण्याने आणि भांडी घासायच्या लिक्विडने पुन्हा पुन्हा धुतात. गाभ्यात गेलेलं मात्र त्यानेही पूर्ण निघत नाही, तेवढा भाग वाढेल तसा कापावा लागतो.