व्यक्तिमत्त्वाची जैविक बैठक

मेंदूची रचना, चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारी रसायने (चेतापारेषके) आणि रक्तातून फिरणारी संप्रेरके (हार्मोन) यांचा माणसाच्या स्वभावाशी असलेला संबंध. आज सकाळी मूड का गेला, हा या नोंदीचा विषय नाही. वर्षानुवर्षे टिकणारे वळण, म्हणजे कोणी पटकन का चिडतो, कोणाला अनोळखी माणसांत करमते आणि कोणाला घाम फुटतो, हा तिचा विषय आहे.

शरीरातल्या द्रवांवर स्वभाव ठरतो ही समजूत फार जुनी. आयुर्वेदाने वात-पित्त-कफावरून प्रकृती सांगितली, ग्रीक वैद्यांनी चार द्रव मानले आणि मराठी माणसाचे रागाच्या भरात अजूनही पित्तच खवळते. विसाव्या शतकाने या द्रवांच्या जागी मोजता येणारे रेणू आणले. १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ‘हार्मोन’ हा शब्द रूढ केला. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाची चेता (मज्जातंतू) उद्दीपित करून त्याची गती मंदावली, त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला आणि तेही मंदावले. चेता रसायनाच्या भाषेत बोलतात, याचा हा पुरावा ठरला.

मेंदूला इजा झाली की स्वभाव पालटतो याचे ठरलेले उदाहरण म्हणजे फिनीस गेज. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना स्फोट झाला आणि सुमारे ६ किलो वजनाची, मीटरभराहून लांब पहार या २५ वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरून डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडली. तो जगला. पण कपाळामागच्या ललाटखंडाची नासधूस झाली होती. कष्टाळू म्हणून ओळखला जाणारा गेज शिवराळ आणि चंचल झाला. ‘हा आता गेज राहिला नाही’ असे त्याचे मित्र म्हणू लागले, अशी नोंद डॉ. जॉन हार्लो यांनी केली. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात. मात्र हार्लो यांचे हे सविस्तर टिपण १८६८ चे, म्हणजे गेजच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी छापलेले. शिवाय मधल्या काळात गेजने चिलीत काही वर्षे प्रवासी घोडागाडी हाकली. वेळापत्रक सांभाळायचे, उतारू सांभाळायचे, घोडे आवरायचे, हे काम पूर्ण बिघडलेल्या माणसाला जमणारे नव्हे. स्वभाव बदलला हे खरे. तो कायमचा नासला, हे नंतर चढवलेले मीठमसाला आहे.

रसायनांच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेचे मूळ भारतात वेडावर आणि निद्रानाशावर पूर्वापार दिले जाई. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याचा रक्तदाबावरील व मनोविकारावरील उपयोग नोंदवला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे या मुळाकडे लक्ष गेले. १९५२ मध्ये त्यातून रेसरपीन वेगळे काढण्यात आले. हे औषध चेतापेशींमधला सेरोटोनिन, डोपामीन आणि नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिता करते, हे पुढे कळले. अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपीन टोचले; ससे कान पाडून मरगळून पडले. मग त्यांना डोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामीन बनवते ते द्रव्य, दिला, तसे ते थोड्याच वेळात हालचाल करू लागले. डोपामीन हे केवळ दुसऱ्या रसायनाकडे जाणारी पायरी नसून स्वतंत्र चेतापारेषक आहे, हा कार्लसन यांचा शोध. त्याबद्दल त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रेसरपीन घेणारे काही रक्तदाबाचे रुग्ण उदास होतात अशा तक्रारींवरून ‘रसायन घटले की नैराश्य’ हे सूत्रही तेव्हाच रुजले. पुढच्या चिकित्सेत ही सांगड वाटली तितकी पक्की निघाली नाही, पण सूत्र मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

त्याच सूत्राची धाकटी भावंडे रविवारच्या पुरवण्यांत भेटतात: डोपामीन म्हणजे आनंदाचे, ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेमाचे. ही लेबले दिशाभूल करतात. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते आणि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. डोपामीनचे लेबलही असेच फसवे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामीन पेशींची नोंद घेतली, तेव्हा रसाचा अनपेक्षित घोट मिळाला की त्या पेटत. दिवा लागला की रस मिळतो हे माकडाला उमगल्यावर त्या दिव्यालाच पेटू लागल्या, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही तर नेमक्या त्या वेळी मंदावल्या. म्हणजे हा रेणू सुखाचा कमी आणि अपेक्षा व प्रत्यक्ष यांतल्या तफावतीचा जास्त. बहिर्मुख, धाडसी माणसांना बक्षिसाची चाहूल अधिक ओढते, असा स्वभावाशी त्याचा संबंध लावतात.

हा संबंध ठळकपणे दिसतो पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांत. त्यांना डोपामीनसारखे काम करणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल अशी औषधे देतात. जन्मात पत्त्यांना हात न लावलेला माणूस त्यामुळे जुगाराच्या नादी लागू शकतो. कोणी नको तितकी खरेदी करत सुटतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३,०९० रुग्णांच्या उत्तर अमेरिकी पाहणीत अशा आवर न राहणाऱ्या सवयी या गटातली औषधे घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्क्यांत, तर न घेणाऱ्यांपैकी ६.९ टक्क्यांत आढळल्या. मात्रा उतरवली की बहुतेकांची सवय ओसरते. औषध तेच असूनही बाकीचे का बिघडत नाहीत, याचे उत्तर काही अंशी मूळ स्वभावातच शोधावे लागते.

टेस्टोस्टेरॉनची ‘मर्दानी भांडखोर’ ही प्रतिमाही तपासून घ्यावी अशीच. झुरिचमधल्या २०१० च्या एका प्रयोगात स्त्रियांना जिभेखाली टेस्टोस्टेरॉन किंवा नुसते औषधासारखे दिसणारे द्रव्य देऊन पैशांच्या वाटणीचा खेळ खेळायला लावले. ज्यांना खरेच टेस्टोस्टेरॉन मिळाले त्यांनी समोरचीला अधिक न्याय्य वाटा देऊ केला. आपल्याला ते मिळाले आहे असे ज्यांना नुसते वाटत होते, त्या मात्र अधिक हात राखून वागल्या. रेणूपेक्षा त्याची कीर्तीच जास्त भांडकुदळ.

भीतीबाबत ॲमिग्डाला या बदामाएवढ्या भागाचे नाव घेतात. दोन्ही बाजूंचा हा भाग नष्ट झालेली, संशोधनात ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी स्त्री साप हाताळताना घाबरली नाही. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगताच तिलाही धडकी भरली.

आनुवंशिकतेबाबत जुळ्यांच्या अभ्यासांतून स्वभावातल्या फरकांचा सुमारे ४० ते ५० टक्के वाटा जनुकांकडे जातो. तो हजारो जनुकांत विखुरलेला असतो. सेरोटोनिनच्या वाहकाशी निगडित एका जनुक-भेदावर नैराश्याची भिस्त टाकणारा २००३ चा गाजलेला निष्कर्ष पुढच्या मोठ्या पडताळण्यांत टिकला नाही. बालपणीच्या ताणाचा कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाच्या यंत्रणेवर ठसा उमटतो. जी उंदरीण पिलांना भरपूर चाटते तिची पिले मोठेपणी ताणाला कमी बिचकतात, आणि दाईने वाढवलेल्या पिलांतही हा गुण चाटणाऱ्या दाईकडून येतो.

वैद्यकीय व्यवहारात मात्र सर्वांत जास्त गाठ पडते ती गळ्यातल्या अवटू (थायरॉइड) ग्रंथीशी. थायरॉइड कमी पडले की माणूस मंद, विसराळू, उदास होतो. जास्त झाले की चिडका, अस्वस्थ, झोप उडालेला. रिचर्ड ॲशर यांनी १९४९ मध्ये थायरॉइड आटल्यामुळे भ्रमिष्ट झालेल्या चौदा रुग्णांची हकिगत लिहिली. त्यांतले बहुतेक उपचारांनी सावरले. स्वभावाला औषध नाही, ही मराठीतली जुनी म्हण. तरी ‘आई हल्ली फार बदलली’ अशी तक्रार घेऊन आलेल्या घरच्यांना डॉक्टर स्वभावावर काही बोलण्याआधी टीएसएचची, म्हणजे थायरॉइडचे काम कळणारी रक्ताची, तपासणी लिहून देतात. पुष्कळांचा अहवाल बरोबर येतो. काहींचा येत नाही, आणि मग रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक छोटी गोळी सुरू होते.