घास अडकल्यापासून बायोप्सीपर्यंत : मराठवाड्यातल्या पोटाच्या कर्करोगांची पार्श्वभूमी

पोटाचे कर्करोग म्हणजे इथं अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड आणि आतड्यांचे कर्करोग. त्यांची पार्श्वभूमी नोंदींपासूनच पाहू. मराठवाड्यात कर्करोगाची पद्धतशीर नोंद सुरू झाली १९७८ साली, औरंगाबाद शहरात. इंडियन कॅन्सर सोसायटीनं मुंबईत १९६३ मध्ये उभारलेलं काम पुण्यानंतर इथं पोहोचलं. खेड्यातल्या माणसाची नोंद व्हायला मात्र १९८७ उजाडलं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं त्या वर्षी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू केली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी भूम आणि परंडा हे धाराशिवचे दोन तालुके त्यात होते. दवाखान्यात बसून आकडे मिळणार नव्हते. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणं समजावून सांगितली, संशयित रुग्ण तपासणीला आणले. आजही आपल्याकडे याहून उपयोगी काम दुसरं दिसत नाही.

निजामाच्या काळात मोठ्या दुखण्यासाठी इथला माणूस हैदराबाद गाठायचा. औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ ची. कर्करोग म्हटलं की परळचं टाटा रुग्णालय, ही वाट १९४१ पासून मोकळी होती. पण परभणी-हिंगोलीच्या शेतमजुराला मुंबईतला मुक्कामच झेपत नसे. शासकीय कर्करोग रुग्णालय औरंगाबादला सुरू झालं २०१२ मध्ये.

वैद्यकशास्त्रात दरम्यान बरंच घडलं होतं. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ मध्ये जठराचा कर्करोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढला. ती रुग्ण काही महिनेच जगली, तरी अशी शस्त्रक्रिया शक्य आहे हे कळलं. पोटात लवचीक दुर्बीण घालून पाहणं १९५७ नंतर शक्य झालं. जठराच्या कर्करोगामागे जंतूही असू शकतो, हे लोकांच्या गळी उतरायला आणखी वेळ गेला. मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वेगळा काढला, १९९४ मध्ये तो कर्करोगकारक ठरला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. दाटीच्या घरांतून, अस्वच्छ पाण्यातून तो लहानपणीच पोटात शिरतो. ज्यांच्या पोटात तो असतो त्यांतल्या फार थोड्यांना कर्करोग होतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण अल्सर असेल तर या जंतूची तपासणी आणि तो सापडला तर प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स व्हायलाच हवा.

आपल्याकडचं मोठं कारण मात्र तंबाखू. पुरुष चुन्याबरोबर मळून खातात, बायका मिश्री लावतात, आणि थुंकीबरोबर ते विष गिळलं जातं. मग जबड्याइतकीच अन्ननलिकाही धोक्यात येते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाशीही तंबाखूचा संबंध आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण टपरीवर पुडी मिळायची थांबलेली नाही. दारू जोडीला आली की अन्ननलिकेचा धोका कित्येक पटींनी वाढतो. यकृताच्या बाबतीत दारूबरोबर हेपॅटायटिस बी आणि बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं, धान्यातलं अफ्लाटॉक्सिन येतं. पावसात भिजलेल्या, काळ्या पडलेल्या शेंगा बाजारात जात नाहीत म्हणून घरी खाणं म्हणूनच धोक्याचं. मोठ्या आतड्याच्या बाबतीत वाढतं वजन, बैठं काम आणि घरातल्या कुणाला तो झालेला असणं, हे लक्षात ठेवायचं.

सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची सरसकट तपासणी आहे. पोटातला कर्करोग ओळखायचा तो लक्षणांवरून, आणि नेमकी तीच घरगुती नावांखाली झाकली जातात. छातीत जळजळ आणि मळमळ म्हणजे पित्त, शौचातून रक्त म्हणजे मूळव्याध, डोळे पिवळे झाले की गावठी औषध. अन्ननलिकेच्या कर्करोगात आधी भाकरीचा घास अडकतो, मग मऊ भात, मग पाणी. माणूस तोवर खाणं पातळ करत राहतो. शौच डांबरासारखं काळं होणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, चाळिशीनंतर नव्यानं सुरू झालेला बद्धकोष्ठ किंवा जुलाब, कारण न सापडणारा रक्तक्षय, पोट न दुखता वाढत जाणारी कावीळ, यांपैकी काहीही दोन-तीन आठवडे टिकलं तर दुर्बीण तपासणी किंवा सोनोग्राफी करून घ्यावी. ‘सुई लागली की गाठ पसरते’ ही भीती खोटी आहे. तुकडा काढून तपासल्याशिवाय (म्हणजे बायोप्सीशिवाय) बहुतेक गाठींवर उपचार ठरतच नाही.

उपचारात शस्त्रक्रिया मुख्य. अन्ननलिका आणि गुदाशयाच्या गाठीत बहुधा आधी केमोथेरपी, रेडिएशन देऊन गाठ आकसवतात. गाठ गुदद्वाराला लागून असेल तर शौच जमा होण्यासाठी पोटावर बहुधा कायमची पिशवी लावावी लागते. ते ऐकूनच काही जण घरी परततात, याचं फार वाईट वाटतं. पिशवी लावून शेतातली बहुतेक कामं करता येतात, एसटीनं फिरता येतं. आजार फार पुढे गेला असेल तर अन्ननलिकेत जाळीदार नळी बसवून निदान गिळणं सुरू करता येतं.

खर्चाची अडचण २०१२ च्या राजीव गांधी जीवनदायी योजनेनं बरीच हलकी केली. पहिल्या आठ जिल्ह्यांत मराठवाड्यातलं नांदेड होतं. तीच योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावानं चालते, आणि मराठवाड्यातल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तीत घेतलं गेलं. पण मंजुरीला बायोप्सीचा अहवाल लागतो. तिथवरच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं रुग्णाच्याच खिशातून जातं, आणि उशीर होतो तो याच टप्प्यावर.