न्गुयेन: एका देशातले इतके लोक एकाच आडनावाचे कसे झाले

व्हिएतनामच्या एका टीमबरोबर काम करायची वेळ आली तेव्हा पहिल्याच कॉलला स्क्रीनवर सहा जण होते आणि त्यातल्या चौघांचं आडनाव न्गुयेन. मला वाटलं चुलतभाऊ वगैरे असतील, विचारलं तर कळलं कुणाचा कुणाशी काही संबंध नाही, दोघं हनोईचे, एक जण पार दक्षिणेतला, चौथी दा नांगची. तेव्हापासून या आडनावाचा जो नाद लागलाय तो अजून सुटलेला नाही, आणि जितकं वाचत गेलो तितकं पटत गेलं की हे आडनाव जन्मापेक्षा भीतीनं आणि आसऱ्यानं वाढलेलं आहे.

आधी आकडा बघा. व्हिएतनामची लोकसंख्या १० कोटींच्या आसपास, त्यातले साधारण ३० ते ४० टक्के लोक न्गुयेन. दुसऱ्या नंबरवर त्रान, तिसऱ्यावर ले, पण ते दोन्ही खूप मागे, दहा टक्क्यांच्या आसपास. ही तीन आडनावं धरली की अर्ध्याहून जास्त देश संपतो.

उच्चारावरून जगभर लोक अडखळतात, पण मराठी माणसाला खरं तर हे अवघड जायला नको. सुरुवातीचा आवाज म्हणजे आपला ङ, जो बाराखडीच्या तक्त्यात नुसता बसून असतो आणि ज्यानं आपल्याकडं एकही शब्द सुरू होत नाही. "गंगा" म्हणा, हळू म्हणा, दुसऱ्या ग च्या आधी जो नाकातला आवाज येतो तिथंच थांबा, आणि तिथूनच पुढं "वियेन" जोडा. झालं, ङ्वियेन. हनोईकडं यात मध्येच घसा क्षणभर आवळून सोडल्यासारखा एक सूर असतो, तो मला अजून नीट जमत नाही, पण ङ जमला तरी समोरच्याचा चेहरा खुलतो हे मी पाहिलंय. रोमन लिपीत ते एन-जी असं लिहिलं जातं याचं कारण १७ व्या शतकातले जेसुइट पाद्री. अलेक्झांडर द ऱ्होड्सचा व्हिएतनामी शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला, आणि हा ऱ्होड्स पूर्वेकडं जाताना आधी गोव्यात थांबलेला होता, जिथं त्याच सुमाराला दुसरे जेसुइट मराठी आणि कोकणी रोमन अक्षरांत छापत होते. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मूळ मात्र चिनी. चिनी अक्षराचा मँडरिन उच्चार रुआन, कँटनीजमध्ये युएन, व्हिएतनामीत न्गुयेन. आजच्या गान्सू प्रांताच्या भागात रुआन नावाचं एक छोटं प्राचीन राज्य होतं, तिथून हे आडनाव आलं असं मानतात. नेटवर "न्गुयेन म्हणजे एक तंतुवाद्य" असं सगळीकडं लिहिलेलं सापडतं, आणि रुआन नावाचं गोल पेटीचं वाद्य खरंच आहे, पण गोष्ट उलटी आहे, ते वाद्य तिसऱ्या शतकातल्या रुआन शियान नावाच्या वादकावरून ओळखलं जायला लागलं. म्हणजे माणसाचं आडनाव वाद्याला मिळालं, वाद्याचं माणसाला नाही.

आता खरी गोष्ट. १००९ पासून व्हिएतनामवर ली घराण्याचं राज्य होतं. १२२५ मध्ये गादीवर सात वर्षांची मुलगी होती, ली च्येउ होआंग, तिचं लग्न तिच्याच वयाच्या त्रान घराण्यातल्या मुलाशी लावलं आणि तिच्याकडून राज्य नवऱ्याच्या नावे करून घेतलं. हे सगळं घडवून आणणारा त्रान थू दो, नव्या राजाचा काका, सगळी सूत्रं त्याच्याच हातात. त्यानं १२३२ मध्ये फर्मान काढलं की ली आडनावाच्या सगळ्यांनी यापुढं न्गुयेन व्हायचं. कारण सांगितलं ते असं की नव्या राजाच्या आजोबांचं नाव त्रान ली, आणि राजाच्या पूर्वजाचं नाव प्रजेनं तोंडात घ्यायचं नाही. रीत होती तशी, खोटं नाही, पण असली पोटदुखी वेगळी होती: जुनं आडनाव राहिलं तर त्याभोवती लोक पुन्हा गोळा होतील. जुन्या बखरीत तर असंही आलंय की पूर्वजांच्या पूजेला जमलेल्या ली लोकांच्या मंडपाखाली खड्डा खणून ठेवला होता आणि त्यांना जिवंत गाडलं. एखाद्या घराण्याला संपवायचं तर माणसं मारायची आणि उरलेल्यांचं नाव काढून घ्यायचं, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

न्गुयेनच का? तेव्हाही ते बऱ्यापैकी पसरलेलं आडनाव होतं, त्यात माणूस सहज मिसळून जात असे. आणि एकदा ही वाट पडल्यावर पुढच्यांनीही तीच धरली. १५९२ मध्ये माक हे राजघराणं पडलं तेव्हा त्यांच्या वंशजांनी जीव वाचवायला आडनावं बदलली, बरेच जण न्गुयेन झाले. उलट्या दिशेनंही व्हायचं. १५ व्या शतकात ले लोई राजा झाला तेव्हा त्यानं आपल्या शूर साथीदारांना राजघराण्याचं "ले" आडनाव बक्षीस दिलं, आणि त्यात न्गुयेन त्राई हा थोर कवी आणि सल्लागारही होता. म्हणजे तिथं आडनाव ही राजाच्या हातातली वस्तू होती, द्यायची पण आणि काढून घ्यायची पण.

मग आलं खुद्द न्गुयेन घराणं. १५५८ मध्ये न्गुयेन होआंग दक्षिणेत गेला आणि त्याच्या वंशजांनी तिथं सुमारे दोनशे वर्षं कारभार केला. १७७१ मध्ये त्यांच्याविरुद्ध ताय सनच्या तीन भावांनी बंड केलं, आणि गंमत बघा, हे भाऊसुद्धा न्गुयेन! मूळचं त्यांचं आडनाव "हो", पण ते न्गुयेन लावत होते. त्यातल्याच न्गुयेन ह्वेनं १७८९ च्या नववर्षाच्या सणात चीनच्या छिंग फौजेला हनोईतून पळवून लावलं. शेवटी जुन्या घराण्यातला न्गुयेन आन्ह जिंकला, १८०२ मध्ये ज्या लाँग या नावानं सम्राट झाला, आणि हे घराणं १९४५ मध्ये बाव दाय यानं गादी सोडेपर्यंत टिकलं. दीडशे वर्षं राजाचं आडनाव न्गुयेन असल्यावर ते लावण्यात धोका नाही, झाला तर फायदाच, हे कुणालाही कळेल.

पण मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट वेगळीच आहे. दुसरा सम्राट मिन्ह मांग यानं १८२३ मध्ये वीस शब्दांची एक कविता केली, प्रत्येक पिढीनं आपल्या नावात त्यातला पुढचा शब्द घ्यायचा, म्हणजे नावावरून पिढी कळेल. त्यामुळं खरे राजवंशी लोक स्वतःला बू, विन्ह, बाव अशा शब्दांनी ओळखवू लागले आणि न्गुयेन पुष्कळदा लिहायचेच नाहीत. शेवटच्या सम्राटाचं जन्मनाव विन्ह थुई. राजाचे नातेवाईक आडनावाशिवाय आणि अख्खी प्रजा त्यांच्या आडनावानं!

रोजच्या व्यवहारात मग आडनावाचा उपयोग उरतच नाही. नावाचा क्रम आडनाव, मधलं नाव, मग स्वतःचं नाव. व्हिएतनाम युद्धाबद्दलच्या १९७३ च्या पॅरिस करारावर सही करणाऱ्या न्गुयेन थि बिन्ह यांना लोक "मादाम बिन्ह" म्हणतात, मॅडम न्गुयेन कुणीच म्हणत नाही. मधलं "थि" बाईचं, पुरुषांत तसंच "वान" खूप चालायचं, नव्या पिढीत दोन्ही कमी झालंय. लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. आणि हाक मारताना नावाआधी नातं लागतंच, मोठा भाऊ असेल तर आन्ह, ताई असेल तर ची, त्यामुळं आमच्या टीममधल्या पोरी थोड्याच दिवसांत मला आन्ह म्हणायला लागल्या, अगदी आपल्या दादासारखं.

१९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडल्यावर लाखो लोक बाहेर पडले आणि आडनावही त्यांच्याबरोबर गेलं. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत ते ३८ व्या नंबरवर होतं, सव्वाचार लाखांच्या वर लोक. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, कॅनडातही तसंच. चेक देशात कम्युनिस्ट काळात कामगार आणि विद्यार्थी म्हणून गेलेल्यांमुळं ते पोचलं, तिथल्या रिवाजाप्रमाणं काही बायका "न्गुयेनोवा" लावतात.

आणि ते मूळचे ली? त्यांच्यातला एक राजपुत्र, ली लाँग तुओंग, १२२६ च्या सुमाराला समुद्रमार्गे निसटला आणि कोरियात पोचला, असं तिथल्या ह्वासान ली घराण्याच्या वंशावळीत आहे. कोरियात ली आडनावाला कुणाची बंदी नव्हती, म्हणून ते टिकलं. १९९० च्या दशकात त्याचे वंशज व्हिएतनामला आले, हनोईजवळच्या दिन्ह बांग गावात ली राजांचं देऊळ आहे तिथं जाऊन त्यांनी पूर्वजांना धूप दाखवला. जवळपास पावणेआठशे वर्षांनी.