बाणाचे टोक कोणाकडे?

तिसरी-चौथीतल्या मुलाला अन्नसाखळी काढायला सांगितली, की गवत, नाकतोडा, बेडूक, साप ही नावे ते भराभर लिहिते. चुकते ते नावांमधल्या बाणाचे टोक. बेडूक जीभ फेकून नाकतोड्याला पकडतो, म्हणजे हालचाल बेडकाकडून नाकतोड्याकडे होते, आणि मूल बाणही त्याच दिशेने काढते. त्याच्या बाजूने पाहिले तर यात तर्काची चूक नाही. अन्नसाखळीतला बाण मात्र झडप कोण घालतो हे सांगत नसून, अन्न आणि त्या अन्नातली ऊर्जा कोणाकडे जाते हे सांगतो. म्हणून ‘कोण कोणाला खातो’ याऐवजी ‘कोण कोणाच्या पोटात जातो’ असा प्रश्न विचारावा. बाण बहुधा आपोआप सरळ होतो.

दुसरी अडचण उदाहरणांची आहे. आफ्रिकेतील सिंह आणि झेब्रा चित्रात शोभून दिसतात, पण नाशिक जिल्ह्यातील, विशेषतः निफाडकडच्या ऊसपट्ट्यातील मुलाला बिबट्या अधिक जवळचा असतो. उसात बिबट्या दिसल्याची बोलणी त्याने घरातच ऐकलेली असतात. त्याने ‘ऊस’ लिहून थेट ‘बिबट्या’कडे बाण नेला, तर लगेच खोडून टाकू नये, कारण निवारा आणि अन्न यांतला फरक समजावण्यासाठी याहून चांगली संधी मिळणार नाही. बिबट्या उसात लपतो, तिथे पिल्ले घालतो, पण ऊस खात नाही. मग तो खातो काय? वस्तीवरची कुत्री, शेळ्या, रानडुकरे. कुत्रा काय खातो? बऱ्याचदा आपल्याच घरातली शिळी भाकरी. अशा रीतीने बाजरी, कुत्रा, बिबट्या अशी साखळी तयार होते आणि तिची पहिली कडी मुलाच्या स्वतःच्या ताटात सापडते.

प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येईल अशी साखळी हवी असेल, तर शाळेच्या आवारातील जास्वंद पुरते. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजेच शेतकऱ्यांच्या बोलण्यातला मिलीबग असतो. त्याची जास्वंदीवर येणारी गुलाबी जात द्राक्षालाही लागते, त्यामुळे ज्या मुलाच्या घरी बाग आहे त्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. उलट तेच वर्गाला चार गोष्टी सांगते. (फवारणी झालेल्या द्राक्षबागेत मुलांना हात लावायला नेण्यापेक्षा जास्वंदच बरी.) मिलीबग झाडाचा रस शोषतो आणि ढालकिडे व त्यांच्या अळ्या मिलीबग खातात. यांपैकी क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा तर मिलीबगच्या बंदोबस्तासाठी बागांमध्ये मुद्दाम सोडला जातो. त्याच्या अळीच्या अंगावर मेणाचे पांढरे तंतू असल्याने ती हुबेहूब मोठ्या मिलीबगसारखी दिसते, आणि मुले प्रथम शिकाऱ्यालाच शिकार समजतात. हा गोंधळ थोडा वेळ चालू द्यावा आणि मग भिंग हाती द्यावे. तेवढ्यात कोणीतरी मुंग्यांबद्दल विचारतेच. मिलीबगच्या अंगातून बाहेर पडणारा गोड, चिकट द्रव मुंग्या खातात आणि त्याच्या मोबदल्यात ढालकिड्यांना हुसकावून लावतात. मुंगीचा बाण काढायला गेले, की सरळ रेषेची साखळी मोडते आणि फळ्यावर अन्नजाळे तयार होते.

वरच्या कड्यांवरचे प्राणी संख्येने इतके कमी का, या प्रश्नासाठी मूठभर चुरमुरे पुरेत. अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून या विषयाला आकड्यांची बैठक मिळाली. एका पातळीवरची ऊर्जा पुढच्या पातळीवर सरासरी दहा टक्क्यांच्या आसपासच पोहोचते, असे ढोबळमानाने मानले जाते. ‘गवत’ झालेल्या मुलाला शंभर चुरमुरे मोजून द्यावेत. त्याने ‘नाकतोड्या’ला दहा द्यावेत, नाकतोड्याने ‘बेडका’ला एक, आणि ‘सापा’च्या वाट्याला त्या एकाचा कण. साप झालेले मूल हमखास चिडते आणि बाकीचे कुठे गेले म्हणून विचारते. नाकतोडा उड्या मारण्यात, श्वास घेण्यात, जगण्यातच बहुतेक ऊर्जा खर्च करतो आणि ती उष्णता होऊन निघून जाते, हे उत्तर त्या चिडण्यानंतरच नीट पोहोचते.

बाणांवरून केवळ अन्न जाते असे नाही. इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद येथे जटायूने प्राण सोडले अशी श्रद्धा आहे, त्यामुळे गिधाड हा इथल्या मुलांच्या ओळखीचा पक्षी आहे. पण आकाशात तो फारसा दिसत नाही. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ मध्ये स्पष्ट झाले आणि २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली.

शेवटी मुले मेलेल्या सापापासून बुरशीकडे, मातीकडे आणि मातीतून पुन्हा गवताकडे बाण काढून वर्तुळ पूर्ण करतात. अनेक तक्त्यांतही तसेच छापलेले असते, परंतु हा शेवटचा बाण वेगळ्या रंगाच्या खडूने काढावा, असे मला वाटते. सतराव्या शतकातील शास्त्रज्ञ यान बाप्टिस्टा फान हेल्मोन्ट यांनी कुंडीतल्या तोललेल्या मातीत विलो या झाडाचे रोप लावून पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाड सुमारे ७४ किलोंनी वाढले, माती मात्र जेमतेम ५७ ग्रॅमनी घटली. १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून त्यांनी झाड पाण्यापासून बनते असा निष्कर्ष काढला. तो अपुरा होता, कारण झाडाचे अंग मुख्यतः हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून घडते. पण झाड माती खात नाही, एवढे त्या कुंडीने दाखवून दिले. मातीतून गवताला क्षार परत मिळतात, ऊर्जा नाही. ऊर्जेचा बाण गवताकडे एकाच ठिकाणाहून येतो, आणि मुले तो सूर्य बहुतेक वेळा कागदाच्या कोपऱ्यात नुसता शोभेसाठी काढून ठेवतात.