‘रोज चालतो, तेवढं पुरे’ हा गैरसमज

ज्येष्ठांच्या व्यायामवर्गात हे हमखास ऐकू येतं, आणि पुढे भीतीही: ताकदीचे व्यायाम करताना पडलो तर? खरं तर पडण्याचा धोका कमी होतो तो तोल सांभाळण्याच्या आणि उठण्या-बसण्याच्या व्यायामांनीच. चालण्याने दमसास टिकतो, पण मांड्यांना पुरेसा भार मिळत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचे आणि ३ दिवस तोलाचे व्यायाम सुचवले.

सुरुवात खुर्चीपासून करा. बिनचाकांची, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा. पुढच्या कडेला बसा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, छाती पुढे झुकवा आणि उठा. बसताना मनात चारपर्यंत मोजा. बहुतेकजण इथेच धपकन बसतात. खरी ताकद सावकाश बसण्यातच कमावली जाते. गुडघे आत वळू देऊ नका. श्वास रोखू नका, रक्तदाब एकदम चढतो. ८-१० वेळा, थोडं थांबून पुन्हा तेवढंच. जमत नसेल तर आसनावर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.