पेप्सिनचे ठिपके आणि गोठलेली विकरे

१९३४ साली केंब्रिजमध्ये स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्या हाती पेप्सिनचे स्फटिक आले. जठरात प्रथिनांचे तुकडे करणारे हे विकर (एन्झाइम). स्फटिक स्वीडनमधल्या उप्सालाहून आले होते. तिथल्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये ते कुणाचे लक्ष नसताना वाढत राहिले आणि चांगले दोन मिलिमीटर लांब झाले, असे सांगतात. बर्नाल यांनी एक स्फटिक द्रवातून बाहेर काढून क्ष-किरणांसमोर धरला, तर फिल्मवर नुसता काळपटपणा. मग त्यांनी स्फटिक त्यांच्याच द्रवात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ओले असताना ते लखलखत होते आणि वाळले की ती लकाकी जात होती. ओला स्फटिक बारीक काचनळीत बंद करून पुन्हा किरण सोडले, तेव्हा फिल्मभर ठिपक्यांच्या रांगा उमटल्या. डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांच्यासह त्यांनी हे ‘नेचर’मध्ये छापले.

प्रथिनाच्या स्फटिकात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ते गेले की रेणूंची रचना कोसळते. एवढ्या साध्या गोष्टीवर सगळे अडले होते.

त्या ठिपक्यांचे मोल कळायला आधीचा वाद आठवावा लागतो. विकरे म्हणजे प्रथिने हेच १९२०च्या दशकात अनेकांना मान्य नव्हते. रिखार्ड विलस्टेटर यांच्यासारखा दिग्गज रसायनशास्त्रज्ञ विरोधात होता. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी युरिएज या युरिया फोडणाऱ्या विकराचे, तर १९३० मध्ये जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवले. दोन्ही प्रथिनेच निघाली. ठिपक्यांनी पुढची गोष्ट सांगितली: या प्रचंड रेणूतला प्रत्येक अणू ठरलेल्या जागी बसलेला आहे. म्हणजे जागा शोधता येतील.

शोधायला मात्र तीस वर्षे लागली. ठिपक्यांवरून थेट चित्र काढता येत नाही, कारण लहरींची अर्धी माहिती फिल्मवर उतरतच नाही. स्फटिकात जड अणू घालून ती मिळवण्याचा मार्ग मॅक्स पेरुट्झ यांनी १९५३ मध्ये दाखवला. १९६५ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने अंड्याच्या पांढऱ्यातल्या लायसोझाइमची रचना उलगडली. विकराची ही पहिलीच रचना. आणि १९६७ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड ब्लो यांच्या गटाने स्वादुपिंडातल्या कायमोट्रिप्सिनची रचना प्रसिद्ध केली.

माझ्या मते या इतिहासाचा गाभा इथे आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; तिच्या कड्या जोडणारे पेप्टाइड बंध नुसत्या पाण्यात आपोआप तुटायला शेकडो वर्षे लागतात, ते हे विकर क्षणात तोडते. कसे? विकराच्या साखळीतली १९५ क्रमांकाचे सेरीन आणि ५७ क्रमांकाचे हिस्टिडीन ही अमिनो आम्ले या कामात गुंतलेली आहेत, हे रसायनशास्त्रज्ञांना आधीच कळले होते. क्रमांकाने इतके दूर असलेले हे दोघे घडी पडलेल्या साखळीत शेजारी बसलेले दिसले. हिस्टिडीनच्या मागे, आत दडून, १०२ क्रमांकाचा तिसरा घटक होता. अमिनो आम्लांच्या प्रसिद्ध क्रमात त्या जागी ॲस्परजीन लिहिले होते. रचना पाहून तो भाग पुन्हा तपासला, तर ते ॲस्पार्टिक आम्ल निघाले. १९६९ मध्ये ही दुरुस्ती झाली आणि सेरीन-हिस्टिडीन-ॲस्पार्टिक आम्ल हे त्रिकूट पूर्ण झाले. हिस्टिडीन सेरीनचा प्रोटॉन ओढून घेते, मोकळे झालेले सेरीन पेप्टाइड बंधावर चाल करते, आणि ॲस्पार्टिक आम्ल हिस्टिडीनला सावरून धरते.

कोणता बंध तोडायचा हे शेजारचा खळगा ठरवतो. कायमोट्रिप्सिनचा खळगा ऐसपैस, त्यात फेनिलॲलॅनिनसारखी मोठी कडी मावते. ट्रिप्सिन या भावंड विकराचा जवळजवळ तसाच, पण तळाशी ऋणभारित ॲस्पार्टिक आम्ल. म्हणून त्याला धनभारित लायसिन आणि आर्जिनिन लागतात. इलॅस्टेज या तिसऱ्या भावंडात खळग्याचे तोंडच बुजलेले, त्यामुळे तिथे लहान घटकांचीच वर्णी लागते. जेवणातल्या प्रथिनांची वाटणी अशी दोन-चार अणूंच्या फरकाने होते.

स्वादुपिंड स्वतःलाच का पचवत नाही, याचेही उत्तर स्फटिकांनी दिले. कायमोट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपाची रचना १९७० मध्ये कळली. त्रिकूट जवळपास जागेवर होते. तयार नव्हता तो खळगा. आतड्यात ट्रिप्सिन साखळीला एक छेद देते, नवे टोक आत वळते आणि खळगा घडतो.

एक सावधगिरी इथेच नोंदवायला हवी. स्फटिकात दिसते ते गोठलेले विकर. १९६७ची कायमोट्रिप्सिनची रचनाही सेरीनला दुसरा गट चिकटवून निकामी केलेल्या विकराची होती. कामाची हालचाल आपण तर्काने भरतो, आणि तर्क कधीकधी फसतो. विल्यम लिप्सकॉम यांच्या गटाने कार्बॉक्सिपेप्टिडेज या दुसऱ्या पाचक विकरामध्ये २४८ क्रमांकाचे टायरोसिन लक्ष्यरेणू बसताच सुमारे १२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) सरकलेले पाहिले. एवढी झेप म्हणजे मुख्य काम त्याचेच, असा समज रूढ झाला. १९८५ मध्ये जनुकात फेरफार करून ते टायरोसिन काढले, तरी विकर चालूच राहिले.

आणि पेप्सिन? ज्याचे ठिपके सर्वांत आधी उमटले, त्याची रचना मॉस्कोतल्या नतालिया अँद्रेयेवा यांच्या गटाकडून १९७०च्या दशकाअखेरीस आली. तिच्यात सेरीनचे त्रिकूट नाही. घडी पडलेल्या साखळीचे दोन सारखे भाग म्हणजे पाळ्या, प्रत्येकीत एक ॲस्पार्टिक आम्ल, आणि त्या दोघांच्या मध्ये पकडलेला पाण्याचा रेणू. बंधावर हल्ला करतो तो हा रेणू. पाळ्यांचे साम्य पाहून १९७८ मध्येच काहींनी सुचवले होते की मूळचे विकर अर्ध्या आकाराचे असावे आणि दोन अर्धे जोडीने काम करत असावेत. १९८९ मध्ये एड्सचा विषाणू असलेल्या एचआयव्हीच्या प्रोटिएजची (प्रथिने तोडणाऱ्या विकराची) रचना हाती आली: ९९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या, प्रत्येकीचे एक ॲस्पार्टिक आम्ल. तिच्या मधल्या फटीत अडकून बसणारे सॅक्विनाविर हे औषध १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.