पाहणी आणि जाहिरात: ‘विद्यार्थिनी देहविक्रयात’ या बातमीची दोन कुळं

शिक्षणासाठी मुली देहविक्रयाकडे वळताहेत, अशी बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी मोबाइलवर येऊन आदळते. आधी ‘धक्कादायक!’, मग ब्रिटन नाहीतर अमेरिका, मग एक टक्केवारी, आणि सोबत उंच टाचांच्या सँडलमधल्या पायांचा फोटो, तोही गुडघ्याच्या वर न जाणारा. वाचताना या सगळ्या बातम्या एकाच माळेचे मणी वाटतात. आकडा मुळात कोणी काढला हे शोधायला गेलं की मात्र त्यांची दोन कुळं निघतात. एका कुळात विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेली पाहणी असते. दुसऱ्यात एखाद्या डेटिंग वेबसाइटने स्वतःचा धंदा वाढवायला काढलेलं प्रसिद्धिपत्रक. छापून येताना दोन्हींना एकच शीर्षक मिळतं, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

पाहणीचं सर्वात गाजलेलं उदाहरण वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाचं. ट्रेसी सॅगर आणि डेबी जोन्स यांनी तिथे ‘स्टुडंट सेक्स वर्क प्रोजेक्ट’ चालवला. पैसा लॉटरीच्या उत्पन्नातून सामाजिक कामांना मदत करणाऱ्या ब्रिटनच्या बिग लॉटरी फंडाचा होता, आणि अहवाल मार्च २०१५ मध्ये आला. ६,७७३ विद्यार्थ्यांनी ऑनलाइन प्रश्नावली भरली होती. त्यातल्या जवळपास ५ टक्के जणांनी कधी ना कधी सेक्स इंडस्ट्रीत काम केल्याचं सांगितलं. सुमारे २२ टक्के जणांनी तसा विचार मनात येऊन गेल्याचं सांगितलं.

आता यातला कोणता आकडा शीर्षकात गेला असेल, ते सांगायला नकोच. पाच टक्क्यांपेक्षा ‘पाचातला एक’ कानाला भारी लागतं. विचार आणि कृती यांच्यातला फरक पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात कुठेतरी असायचा, पण फॉरवर्ड होतं ते शीर्षक. एमपीएससी द्यावी असं ज्यांच्या मनात कधीतरी येऊन गेलं त्या सगळ्यांना उपजिल्हाधिकारी म्हणून मोजावं, तसला हा प्रकार.

दुसरी गंमत त्या पाच टक्क्यांच्या पोटात आहे. संशोधकांनी ‘सेक्स इंडस्ट्री’ हा शब्द बराच ऐसपैस वापरला होता. प्रत्यक्ष शरीरसंबंधाचं काम त्यात होतंच, पण वेबकॅमसमोर बसणं, फोनवर बोलणं, क्लबमध्ये कपडे उतरवत नाचणं हेही होतं. अहवालात या कामांची वर्गवारी केलेली आहे. बातमीत, आणि विशेषतः मराठीत येईपर्यंत, सगळ्याचा मिळून एकच ‘वेश्याव्यवसाय’ होतो. ग्राहकाला कधी हातही न लावलेली, स्वतःच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलेली व्यक्ती आणि हॉटेलवर जाणारी व्यक्ती यांच्या कामातला धोका, कमाई, कायदा सगळंच वेगळं असतं. त्या एका शब्दात हे काहीच उरत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वात बोलकी वाटते: या पाहणीत मुलींपेक्षा मुलग्यांचं प्रमाण जास्त निघालं. बातम्यांसोबतच्या फोटोंत मुलगा कधी पाहिलाय? मी तरी नाही. बातमीतलं पात्र आधीच ठरलेलं असतं. ते तरुण असतं, बाई असते, गोरी असते, आणि एकतर रडवेली किंवा शॉपिंग बॅगांनी लदलेली. आकडे आले की ते या पात्राच्या मापाने कापायचे.

कारणांचंही तसंच झालं. हे काम करणाऱ्यांना कारणं विचारली तेव्हा एकाच माणसाने अनेक उत्तरांवर खूण केली होती. हातात बरा पैसा हवा, हे जवळपास दोन तृतीयांश जणांचं म्हणणं. निम्म्याहून अधिक जणांनी घरभाडं, जेवणखाण अशा रोजच्या खर्चासाठी असंही सांगितलं. निम्म्याहून अधिक जण म्हणाले, काम आवडेल असं वाटलं म्हणून. साधारण चौथ्या हिश्शाला कधी ना कधी असुरक्षित वाटलं होतं, आणि गुपित राखण्याचा ताण तर होताच. म्हणजे एकाच मुलीने ‘भाडं भरायचंय’, ‘चांगले कपडे हवेत’ आणि ‘कधीकधी भीती वाटते’ ही तिन्ही उत्तरं दिलेली असू शकतात. माणसं अशीच असतात. पण एका वर्तमानपत्राने त्यातून चैनीखोर मुलगी काढली, दुसऱ्याने लाचार मुलगी, आणि अहवाल एकच होता.

पाहणीत खोट नव्हती असं नाही. फॉर्म ज्यांना भरावासा वाटला त्यांनीच भरला, आणि या विषयाशी काही संबंध असलेला माणूस तो उघडण्याची शक्यता जास्त. त्यामुळे ५ टक्के हा आकडा ब्रिटनच्या सगळ्या विद्यार्थ्यांवर सरसकट चिकटवणं धाडसाचं ठरेल. पण किती जणांना विचारलं, काय विचारलं, कशाला काय म्हटलं, हे तरी त्यात उघड मांडलेलं आहे. भांडायला काहीतरी हाताशी आहे.

दुसऱ्या कुळात ती सोय नसते. २००६ मध्ये ब्रँडन वेड या उद्योजकाने अमेरिकेत ‘सीकिंग अरेंजमेंट’ नावाची वेबसाइट सुरू केली. पैसेवाला, बहुधा वयाने मोठा पुरुष म्हणजे ‘शुगर डॅडी’, आणि त्याच्याकडून भेटवस्तू किंवा दरमहा रक्कम घेणारी तरुण व्यक्ती म्हणजे ‘शुगर बेबी’. यांची गाठ घालून देणं हा तिचा व्यवसाय. हा देहविक्रय नव्हे, असं कंपनी स्वतः सांगत आली. ते खरं की खोटं हा वाद सोडून देऊ. आपल्या कामाची आहे ती तिने दरवर्षी काढलेली यादी: कोणत्या विद्यापीठातून किती ‘शुगर बेबी’ नव्याने दाखल झाल्या. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं नाव अमेरिकेच्या यादीत वरचेवर दिसायचं. ब्रिटनसाठी वेगळी यादी निघायची.

ही मोजणी व्हायची कशी, तर नोंदणी करताना विद्यापीठाचा ईमेल पत्ता कोणी दिला त्यावरून. आणि विद्यापीठाचा ईमेल दिला की एरवी पैसे मोजावे लागणारं सदस्यत्व फुकट मिळायचं. पुन्हा वाचा हे. जो आकडा बातमीत ‘विद्यार्थिनींचा वाढता ओढा’ म्हणून येतो, तो कंपनीच्या स्वतःच्याच ऑफरला आलेला प्रतिसाद असतो. त्यात भेट झाली का, पैसे मिळाले का, शरीरसंबंध आला का, यातलं काहीच मोजलेलं नसतं. शनिवारी रात्री हॉस्टेलवर मैत्रिणींनी हसत-खिदळत उघडलेलं खातंही त्यात धरलेलं असतं, आणि पुन्हा कधीच न उघडलेलं खातंही.

तरी वर्तमानपत्रांना ही यादी पाहणीपेक्षा आवडते, आणि त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. यादीत विद्यापीठांची नावं असतात. म्हणजे प्रत्येक शहरातल्या स्थानिक दैनिकाला आपल्या गावची बातमी आयती मिळते. कंपनीचा प्रवक्ता प्रतिक्रिया द्यायला तयार, सरासरी ‘भत्त्याचा’ आकडा तयार, कधीकधी मुलाखतीला एखादी खूश असलेली सदस्यही तयार. स्वान्सीच्या अहवालासाठी बातमीदाराला पानं चाळावी लागतात. इथे अर्ध्या तासात मजकूर हातावेगळा होतो, आणि कंपनीला फुकटात जाहिरात मिळते. चिंतेच्या सुरात लिहिलेल्या बातमीनेसुद्धा वेबसाइटचा पत्ता लाखो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतोच.

२०१७ मध्ये ‘रिच मीट ब्यूटिफुल’ या अशाच दुसऱ्या वेबसाइटने हा खेळ उघड्यावर आणला. आधी ब्रसेल्समध्ये आणि मग पॅरिसमध्ये विद्यापीठांच्या आसपास जाहिरातीचा फलक लावलेलं वाहन फिरवलं. प्रेम मिळवा, शैक्षणिक कर्ज टाळा, असा विद्यार्थिनींना उद्देशून मजकूर होता. गदारोळ झाला, पॅरिस महापालिकेने निषेध केला. फलकावर होतं म्हणून लोक चिडले. तोच मजकूर बातमीच्या रकान्यात असता, तर शिक्षण खर्चावरची चर्चा म्हणून खपून गेला असता.

आता फीबद्दल, कारण दोन्ही कुळांच्या बातम्यांत हे कारण हमखास येतं. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये पदवीची कमाल वार्षिक फी ३,३७५ पौंडांवरून ९,००० पौंडांवर गेली. मग ‘फी भरण्यासाठी देहविक्रय’ हे सरळच वाटतं, खास करून आपल्याला, कारण आपल्याकडे फी आधी भरावी लागते. पण तिथल्या स्थानिक विद्यार्थ्याची फी स्टुडंट लोन्स कंपनी ही सरकारी कंपनी कर्ज म्हणून थेट विद्यापीठाला देते. २०१२च्या तुकडीला ते कर्ज वर्षाला २१,००० पौंडांहून जास्त कमाई सुरू झाल्यावरच फेडायचं होतं. वेल्सच्या विद्यार्थ्यांना तर त्या काळात वाढीव फीसाठी सरकारी अनुदान होतं. म्हणजे सत्राच्या मध्यावर पैशाची चणचण भासते ती घरभाड्याची, बसभाड्याची, किराण्याची. ‘फी’ हा शब्द शीर्षकात छोटा बसतो आणि त्यात सरकारवर टीका करण्याची सोयही असते. घरमालकाच्या भाड्याला ते वजन नाही.

भारतातून तिकडे गेलेल्या मुलामुलींचं गणित पुन्हा निराळं. त्यांना हे कर्ज नाही, फी जास्त, आणि ती आगाऊ. पदवीच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि स्वतंत्र व्यवसाय करायला मनाई आहे. वेबकॅमचं किंवा एस्कॉर्टचं (पैसे घेऊन ग्राहकाला भेटण्याचं) काम बहुधा स्वतंत्र व्यवसायातच मोडतं. इंग्लंडमध्ये प्रौढ व्यक्तीने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा नाही. पण अशा विद्यार्थ्याला ग्राहकाने मारलं किंवा फसवलं, तर पोलिसांकडे जाताना व्हिसाची भीती मानगुटीवर असते. लेस्टरला किंवा लंडनला शिकणाऱ्या मुलीच्या आईबापांना नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘पाचातली एक’ ही बातमी येते. त्यात हे काही नसतं.

गोंधळ फक्त बातमीदारच घालतात असंही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये ब्रायटनमधल्या नवागत विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सेक्सवर्कर्सना मदत करणाऱ्या एका संस्थेने स्टॉल लावला. त्यांच्या ट्वीटमध्ये होतं की सहातला एक विद्यार्थी सेक्सवर्क करतो किंवा करण्याचा विचार करतो. हेतू मदतीचा होता, पण ‘करतो’ आणि ‘विचार करतो’ यांची मोट त्यांनीच बांधली. मग विद्यापीठच मुलींना या धंद्यात ढकलतंय अशी ओरड झाली आणि विद्यापीठाने चौकशी लावली. स्टॉलवर खरं तर आरोग्य आणि सुरक्षिततेची माहिती होती, पण ती वाचायला कोणी थांबलं नाही.

खूश पात्राचा चेहराही याच देशातून आला. ‘बेल द जूर’ या टोपणनावाने २००३ पासून ब्लॉग लिहिणारी लंडनची एस्कॉर्ट कोण, यावर अनेक वर्षं अटकळी चालल्या. एखादा पुरुष लेखकच असणार असंही बोललं गेलं. नोव्हेंबर २००९ मध्ये डॉ. ब्रुक मॅग्नंटी या संशोधिकेने ती मीच असं जाहीर केलं. पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात पैसे संपले म्हणून तिने हे काम धरलं होतं. तासाला ३०० पौंड, त्यातले तिच्या हातात २००. त्यानंतर बराच काळ प्रत्येक विद्यार्थिनीची तुलना तिच्याशी होत राहिली, जणू तो दर सगळ्यांना मिळतो.

आपल्याकडच्या बातम्यांचं कूळ या दोन्हींपेक्षा वेगळं आहे, आणि नेमक्या त्याच या ब्रिटिश बातम्यांच्या शेजारी छापल्या जातात. ‘हाय प्रोफाइल सेक्स रॅकेटचा पर्दाफाश, कॉलेजतरुणींची सुटका’ या बातमीमागे ना पाहणी असते ना जाहिरात. तिथे असतो पोलिसांचा छापा: बनावट ग्राहक, खुणेच्या नोटा, पंच, आणि १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा. हा कायदा कुंटणखाना चालवणं, दलाली, दुसऱ्याच्या देहविक्रयावर जगणं, सार्वजनिक ठिकाणी ग्राहक गाठणं यांना शिक्षा देतो. प्रौढ बाईने हे काम करणं एवढ्यावरून ती गुन्हेगार ठरत नाही. मुंबईतल्या मालाडच्या छाप्यात सापडलेल्या तीन तरुणींना दंडाधिकाऱ्यांनी सुधारगृहात ठेवायला सांगितलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हेच स्पष्ट करून त्यांना मोकळं केलं. फसवून आणलेली, डांबून ठेवलेली मुलगी आणि स्वतः ठरवून आलेली बाई या दोघी छाप्याच्या बातमीत एकाच ओळीत उभ्या केल्या जातात. त्यात वीस-बावीस वर्षांची जी दिसेल ती ‘कॉलेजतरुणी’.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेक्सवर्कर्सच्या हक्कांबाबतच्या बुद्धदेव करमास्कर खटल्यात यावर थेट बोट ठेवलं. अटक, छापा, सुटका यांच्या बातम्या देताना सेक्सवर्करची ओळख उघड होऊ नये, मग ती पीडित असो की आरोपी, यासाठी प्रेस कौन्सिलने मार्गदर्शक सूचना काढाव्यात, असं सांगितलं. सुटकेची कारवाई टिपण्याच्या नावाखाली ग्राहकासोबतचे त्यांचे फोटो दाखवणाऱ्या वाहिन्यांविरुद्ध तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं ३५४-सी हे चोरून पाहण्याच्या गुन्ह्याचं कलम वापरावं, असंही त्यात आहे. नाव आता बहुतेक जण गाळतात, चेहऱ्यावर दुपट्टा असतो. पण वय, मूळ तालुका, कितव्या वर्षाला शिकते आणि कोणत्या शाखेला, हे सगळं बातमीत येतं, आणि तेवढ्या खुणांवर तिच्या गावातलं कोणीही तिला ओळखू शकतं.